गोल्डफिशला पांढरे ठिपके आले म्हणजे तो आजारीच असं नसतं

सध्या एक मेसेज फिरतोय, गोल्डफिशच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले, रंग बदलला किंवा मासा तळाला जाऊन बसला तर तो आजारी, ताबडतोब सगळं पाणी बदला आणि निळं औषध टाका. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, असल्या सल्ल्याने धडधाकट मासे जातात हो.

आधी ठिपके. नर वयात आला की विणीच्या काळात त्याच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेला बारीक पांढरे दाणे येतात, माझ्याकडच्या नराला आलेत, परावर तर ओळीने टोचून बसवल्यासारखे दिसतात, आणि तो मस्त मादीच्या मागे पळतोय, भूकही जोरात. खरा रोग म्हणजे इक, त्यात मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके अंगावर, शेपटीवर कुठेही पडतात, वाढत जातात आणि मासा दगडाला, काचेला अंग घासत सुटतो. ठिपके कुठे आहेत आणि मासा वागतोय कसा, दोन्ही बघा मग ठरवा.

रंगाचं म्हणाल तर पिल्लू मुळात मळकट ब्राँझ रंगाचं असतं, नारिंगी नंतर होतं, पुढे काही पांढरेही पडतात. मात्र अचानक काळे डाग आले तर पाणी टेस्ट करा, अमोनियाने (माशांच्या घाणीतून पाण्यात साठतो तो) भाजलेली कातडी भरून येताना काळी पडते.

तळाला बसणं? रात्री लाइट बंद केला की मासा झोपतो, पापण्याच नाहीत त्यामुळे डोळे उघडे, रंगही जरा फिका. भर दिवसा पर मिटून कोपऱ्यात बसला आणि खायलाही आला नाही तर मात्र गडबड आहे.

आणि जे खरंच घाबरण्यासारखं ते मेसेजमध्ये नाहीच! माशाला वरून बघा, पोट फुगून खवले अननसाच्या सालीसारखे उभे राहिले असतील तर तो ड्रॉप्सी, लगेच माशांचा डॉक्टर गाठा. (पर्लस्केल जातीचे खवले जन्मजात फुगीर असतात, ते सोडून.)

राहिला उपाय. सगळं पाणी एकदम बदललं की नळाचं क्लोरीन आणि तापमानातला फरक माशाला एकाच वेळी झेलावा लागतो, त्यापेक्षा 25-30 टक्के बदला, तेही क्लोरीन काढून. पाण्यात अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू, ते फिल्टरमधले अमोनिया संपवणारे चांगले बॅक्टेरियाही मारतं, मग अमोनिया चढतो आणि बरा असलेला मासा खरंच आजारी पडतो. द्यायची वेळ आलीच तर वेगळ्या टबात द्या, मेन टँकमध्ये ओतू नका प्लीज.