डबल बोन

तलावपाळीच्या कट्ट्यावर मन्याने मोबाईल प्रत्येकाच्या नाकासमोरून फिरवला. लॅबचं, म्हणजे लॅब्रॅडॉर कुत्र्याचं, पिल्लू. "डबल बोन, शो क्वालिटी, केसीआयच्या म्हणजे केनेल क्लबच्या पेपरसकट. ४५ दिवसांचं. रविवारी घोडबंदर रोडला पेट्रोल पंपावर आणून देतोय."

वैशू जनावरांच्या दवाखान्यात काम करते. कुत्र्यांचा विषय निघाला की आम्ही तिला बोलू देतो. मन्या सोडून.

"आई कुठाय?"

"घरी. गुडघे दुखतायत."

"पिल्लाची रे."

"त्याच्या फार्मवर. लांब आहे म्हणाला."

"मग पंपावर गाडीत पेट्रोल भर आणि घरी ये. आई दाखवत नाही त्याच्याकडून पिल्लू घ्यायचं नाही. तिची दर हंगामाला वीण काढून तिचं काय झालंय ते दिसू नये, म्हणून तर पंप. २०१७ चे नियम आहेत, एका मादीची जन्मात पाचच वेतं. ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. आणि ८ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही. ८ आठवडे म्हणजे ५६ दिवस. भावंडांत मस्ती करतानाच त्याला कळतं किती जोरात चावायचं. तू एकुलता एक, तुझं राहूनच गेलं."

"सगळे ४५ लाच देतात गं!"

"देणारच. १९६० च्या कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त ५० रुपये दंड. तेवढ्याचे वडापाव तू आत्ता उधारीवर खाल्लेस."

देशपांडे काका मॉर्निंग वॉक संध्याकाळीही करतात, ते थांबलेच. "परदेशी कुत्रं म्हणजे मनाची गुलामगिरी! आपलं कारवानी पाळा, कारवानी!"

"काका, तुम्ही सोसायटीत मांजर येऊ देत नाही."

"तो शिस्तीचा प्रश्न आहे," म्हणत काका बाकावर बसले आणि २०२४ मध्ये केंद्राने बंदीसाठी काढलेल्या त्या २३ 'हिंस्र' जातींच्या यादीवर घसरले. बंड्याने मन्याच्या पाठीवर थाप मारली. "लॅब नाही त्यात. पण डबल बोन म्हणजे काय रे? हाडात हाड?"

"जाड हाड. राजबिंडा दिसतो."

"त्याच्या आईबापाच्या खुब्याचे एक्स-रे माग," वैशू म्हणाली. "लॅबमध्ये खुब्याचं दुखणं वंशातून येतं. जाड हाडाचं पिल्लू जिना चढेना की मग आमच्याकडे आणतात."

"पेपर आहेत म्हटलं ना!"

"पेपरवर पणजोबाचं नाव असतं, पणजोबाचा खुबा नसतो."

"त्या बुलेटचेही पेपर होते," बंड्या म्हणाला. बुलेटचा विषय निघाला म्हणजे मन्याकडे अडकलेले बंड्याचे आठ हजार निघणार. निघालेच. मन्याने घाईघाईने गाडी परत कुत्र्यावर आणली. "मग चांगला ब्रीडर ओळखायचा कसा?"

"तो तुलाच प्रश्न विचारतो. दिवसभर घरी कोण? घर भाड्याचं की स्वतःचं? बाहेरगावी गेलात तर काय? आणि नाही झेपलं तर रस्त्यावर सोडू नका, माझ्याकडे आणून द्या, असं स्वतःहून सांगतो."

"हेच प्रश्न त्याला चिपळूणच्या स्थळाने विचारले होते," बंड्या म्हणाला.

"मग?" काका.

"मग काय, कुत्रा घेतोय."

काकांना ठसका लागला, चहा नाकातून आला. हसणं ओसरता ओसरता मन्या पुटपुटला, "पण टोकन दिलंय मी. पाच हजार."

"पाच हजार?" बंड्या उठला. "होते तुझ्याकडे?"

मन्या तलावाच्या दिशेने पळाला. त्याचा चहा वैशूने प्यायला.