पावणेदहा तास

शाळेत ‘वेग, अंतर, काळ’ या गणितांत मला पैकीच्या पैकी मार्क पडायचे. त्याचा सूड आयुष्याने लंडनहून लॉस एंजेलिसला जाताना उगवला.

तिकिटावर सुटायची वेळ दुपारी १२, पोचायची ३.१५. “म्हणजे सव्वातीन तासच?” मुलाने विचारलं. मी त्याला समोर बसवून समजावलं की तिथलं घड्याळ लंडनच्या ८ तास मागे, म्हणून प्रवास सव्वाअकरा तासांचा. इथेच थांबायला हवं होतं. पण अंतर साधारण ८,७८० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९००. भागाकार केला तर पावणेदहा!

“दीड तास हातचा राखून सांगतात,” मी जाहीर केलं.

“त्यांनी हे विमान आधी उडवून पाहिलं असेल ना रे?” बायको म्हणाली. मी ऐकलंच नाही, आणि तिथल्या मेहुण्याला कळवून टाकलं, पावणेदोनला ये.

बाराला विमान सुटलं म्हणजे जागचं हललं, एवढंच. मग ते धावपट्टीकडे निघालं ते वरातीच्या घोड्याच्या चालीने. माझ्या भागाकारात विमान दारातूनच ताशी ९००ने सुटत होतं.

वर गेल्यावर समोरच्या पडद्यावर नकाशा उघडला आणि माझं धाबं दणाणलं. लॉस एंजेलिस नैर्ऋत्येला, आणि विमानाचं नाक वायव्येला, थेट ग्रीनलंडकडे! वैमानिकाला कोणी सांगावं, या विचारात मी असताना शेजारच्या आजींनी जेवणातला गोल पाव उचलला, त्यावर शालीचा एक दोरा ताणून धरला आणि म्हणाल्या, “हा जवळचा रस्ता. नकाशा सपाट असतो, पृथ्वी नसते.” मग त्यांनी पृथ्वीला लोणी लावून ती खाल्ली आणि झोपल्या.

त्या झोपल्या म्हणजे माझा बाहेरचा रस्ता बंद झाला. मी खिडकीशी, पलीकडे आजी, त्यापलीकडे एक घोरणारे गृहस्थ. ८,७८० किलोमीटर पार करणं मला जमणार होतं, पण तिथून स्वच्छतागृहापर्यंतचे वीस-पंचवीस फूट नव्हे.

पडद्यावर आता वेग ताशी ७९०. उरलेले ११० कुठे गेले? तर वारा! त्या उंचीवर तो पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. विमान हवेत ९००नेच धावत होतं, पण ती हवाच उलटी लंडनला निघाली होती. हाच वारा परतीच्या प्रवासात तासभर वाचवतो म्हणे. पण आत्ता माझा चेहरा परतीचा नव्हता.

आणि दुपार काही संपेना. ६० अंश अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे ८३५ किलोमीटरने पूर्वेकडे फिरतो, आम्ही जवळजवळ तेवढ्याच वेगाने उलटे. त्यामुळे सूर्य खिडकीत खिळा ठोकल्यासारखा टांगलेला. घड्याळ सरकत होतं, ऊन तसूभरही हलत नव्हतं. सिंगापूर-न्यूयॉर्क सुमारे १५,३०० किलोमीटर विनाथांबा, अठरा तासांहून जास्त बसतात माणसं. त्यांना माझा दंडवत.

विमान बरोबर ३.१५ला दाराशी लागलं. फोन सुरू केला तर मेहुण्याचे नऊ संदेश. पहिला १.४०चा, “आलोय.” शेवटचा ताजा होता, “भावोजी, फलकावर विमान वेळेवर दाखवताहेत. तुम्ही कुठल्या विमानात आहात?”