एकशेवीस युरोवाली

ग्रीसमधल्या नाफ्प्लिओहून परवाच परत आलो, पोटऱ्या अजून दुखतायत आणि डोकं त्याहून जास्त. रूमच्या वर्णनात लिहिलं होतं, 'जुन्या शहरात, सिंटाग्मा चौकापासून दोन मिनिटं, समुद्र दिसतो.' एकही अक्षर खोटं नाही हो. फक्त ती दोन मिनिटं उतरतानाची आहेत, आणि तीही मोकळ्या हातांनी.

अथेन्सच्या किफिसोस स्टँडवरून बस, दोनेक तासांत नाफ्प्लिओ, इथपर्यंत सगळं झकास. मग चौक ओलांडला आणि गल्ली अक्रोनाफ्प्लियाच्या टेकडीवर चढायला लागली. गल्ली म्हणजे नुसत्या पायऱ्या. बॅगेला चार चाकं आहेत, ती चारही त्या क्षणी निव्वळ दागिना. नवरा पाठीवरची सॅक घेऊन पुढे, "अगं ये ना, आलंच," म्हणत.

अर्ध्यावर एका दारासमोर खुर्ची टाकून एक आजोबा बसले होते. हातात कोंबोलोई, ती ग्रीक लोक नुसती टकटक करत फिरवतात ती मण्यांची माळ. मी बॅग टेकवली तसे म्हणाले, "कुठून?" इंडिया म्हटल्यावर खुर्चीतच सरसावले. "बॉम्बे! मी जहाजावर होतो. बॉम्बे पोर्ट. फार गरम." मला वाटलं, चला, ओळख निघाली, आता बॅगेला हात लावतील. छे. बॅगेकडे बघून म्हणाले, "किती दिवस राहणार?" मी सांगितलं. "मग एवढे कपडे कशाला?"

पुढचा प्रश्न, "रूम केवढ्याला?" आता हा प्रश्न आपल्याकडे रिक्षातसुद्धा विचारतात, त्यामुळे मी सवयीने सांगून टाकलं, एकशेवीस. माळ थांबली. आजोबांनी मान वर करून समोरच्या बाल्कनीकडे ग्रीकमध्ये काहीतरी ओरडून सांगितलं, त्यात मला एकच शब्द कळला, युरो. बाल्कनीतल्या बाईंनी हातातला ओला टॉवेल तसाच धरून आधी मला बघितलं, मग बॅगेला, मग आणखी वरच्या खिडकीत कोणाला तरी ती बातमी पुढे पाठवली. तिथून हसल्याचा आवाज आला. मी घामाघूम, बॅगेचं हँडल धरून पायरीवर उभी, आणि माझ्यावर वरून खालून चर्चा, मुलगी बघायला आल्यासारखी.

"ती रूम ना?" आजोबा म्हणाले. "तिथे आधी कोळशाची पोती ठेवायचे." मग माझ्यासाठी योग्य जागा कुठली हेही त्यांनी खुर्चीवरून न उठता दाखवलं. बंदराच्या पाण्यात बूर्त्झी नावाचा छोटा किल्ला आहे, व्हेनिसवाल्यांनी १४७३ मध्ये बांधलेला. वर पालामिडी किल्ल्यावर तुरुंग होता, तिथल्या कैद्यांना मारणारा जल्लाद या बूर्त्झीवर राहायचा, पुढे विसाव्या शतकात काही वर्षं त्याच किल्ल्यात हॉटेल होतं. "तिथे राहायला हवं होतं मॅडम. पायऱ्याच नाहीत." हॉटेल कधीच बंद झालंय, हे त्यांनी सगळ्यात शेवटी सांगितलं.

बरं, एकदा झालं तर झालं. पण मग रोज. सकाळी कॉफीला उतरले की आजोबा शेजारी बसलेल्या कोणालाही माझ्याकडे बोट करून सांगायचे आणि ऐकणारा भुवया उंचावायचा. सेंट स्पायरिडॉनच्या चर्चपाशी मी कापोदिस्त्रियासवर झाडलेल्या गोळीची खूण बघत होते, ग्रीसचा पहिला राज्यप्रमुख, १८३१ मध्ये याच दारात मारला गेला, तर तिथे बाकावरच्या एका माणसाने मला ओळखून मान डोलावली. कापोदिस्त्रियासला तरी एकदाच मारलं.

पालामिडीला लोक ९९९ पायऱ्या सांगतात, मोजणाऱ्यांचे आकडे कमीच येतात. आपण सह्याद्रीतले, वगैरे म्हणत नवरा पायऱ्यांनी गेला. मी मागच्या रस्त्याने टॅक्सीने गेले. एवढा प्रचंड किल्ला व्हेनिसवाल्यांनी तीन वर्षांत उभा केला, १७११ ते १७१४, आणि लगेच १७१५ मध्ये तुर्कांनी घेतला. वरून आमच्या रूमचं छप्पर दिसत होतं. छान दिसत होतं, लांबून सगळंच दिसतं.

आता हसण्याचा भाग संपला. रूममध्ये एसी होता, त्यावर चिठ्ठी, 'रात्री बंद ठेवा.' समुद्र बाथरूमच्या खिडकीतून, तोही टॉयलेटच्या झाकणावर उभं राहिलं तर. आणि निघताना दर रात्रीचे ८ युरो वेगळे, रोख, हवामान संकटाच्या फीचे. फी सरकारी आहे, एप्रिल ते ऑक्टोबर अशा भाड्याच्या फ्लॅटला ८, तीन स्टार हॉटेलला ५, एक-दोन स्टारला फक्त २. माझी तक्रार फीबद्दल नाही. तक्रार ही की मालकाने ते आधी कुठेही ठळक लिहिलं नाही आणि पायऱ्यांचं तर अवाक्षर नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाने काय करायचं? आईला नेणार होते या वर्षी, थोडक्यात वाचली. जाणार असाल तर सरळ चौकाच्या आसपास किंवा बंदराच्या बाजूला सपाटीवर घ्या, आणि मालकाला एकच विचारा, दारापर्यंत पायऱ्या किती. गोलगोल उत्तर आलं की पुढची रूम बघा.

हे सगळं मी रिव्ह्यूमध्ये व्यवस्थित लिहिलं. काल मालकाचं उत्तर आलं, 'पाहुण्यांना चालायची सवय कमी होती, तरी त्यांचे शेजाऱ्यांशी छान संबंध जुळले.' मी ते तावातावाने नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "यात खोटं काय आहे?"