सॉरी म्हणायची सोय

आमच्या फॅमिली ग्रुपवर परवा पुन्हा तेच भांडण झालं. कुणीतरी फॉरवर्ड टाकला की नवीन कायद्यात डॉक्टरांना मोकळं सोडलंय, पेशंट गेला तरी काही होत नाही, मग चुलत भाऊ पेटला, "सगळे लुटारू", मग काकांचे हात जोडलेले इमोजी. माझी वहिनी गायनॅक आहे, दादा भूलतज्ज्ञ, ठाण्यात पाचपाखाडीत १२ खाटांचं नर्सिंग होम. ती ग्रुपवर गप्प बसते आणि मला ऑकलंडला वेगळा फोन करते.

मोकळं वगैरे काही सोडलेलं नाही. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर जुन्या दंडविधानाच्या कलम ३०४-अ मध्ये २ वर्षांपर्यंत कैद किंवा नुसता दंड चालायचा. जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आलं, त्यात बाकीच्यांची कैद ५ वर्षांपर्यंत गेली आणि डॉक्टरांची २ वर राहिली, पण आता कैद आणि वर दंडही. लोकसभेत सूट देण्याची भाषा झाली होती ना, लोकांच्या डोक्यात तीच राहिली.

वहिनीची केस जुनी. डिलिव्हरीनंतर ब्लीडिंग थांबेना, रात्री दोनला ब्लड बँकेत माणूस पळवला, शेवटी गर्भपिशवी काढली आणि बाई वाचली. नातेवाईक ग्राहक मंचात गेले, १९९५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून ते दार उघडंच आहे आणि असायलाच हवं. ६ वर्षांनी निकाल हिच्या बाजूने लागला. पण ते राहू दे. त्या रात्रीच हिने वकिलाला फोन केला, तो म्हणाला नातेवाइकांशी एक अक्षर बोलायचं नाही, जे काय ते लेखी. त्या बाईचा नवरा रिसेप्शनच्या खुर्चीत बसून होता आणि ही मागच्या जिन्याने घरी गेली. निकालाचं काही सांगत नाही ती, जिन्याचंच सांगते. आता बीपी जरा वर दिसलं की पेशंट सरळ मोठ्या हॉस्पिटलला पाठवते.

इकडे माझ्या नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, नस दुखावली, पाऊल वर उचलेना. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जन स्वतः आला, स्टूल ओढून बसला, म्हणाला हे माझ्या ऑपरेशनमध्ये झालंय, सॉरी. आणि भरपाईचा फॉर्म त्यानेच भरला! मी ठाण्याची, मला वाटलं यात काहीतरी गोम आहे. गोम नव्हती. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून एसीसी नावाची सरकारी योजना आहे, अपघात कुणाच्या चुकीने झाला हे न बघता पैसे मिळतात, उपचारातून झालेल्या इजेलाही २००५ पासून चूक सिद्ध करावी लागत नाही. नवऱ्याला पहिला आठवडा सोडून पगाराच्या ८० टक्के मिळत होते, वर फिजिओ. बदल्यात भरपाईसाठी डॉक्टरवर दावा लावता येत नाही.

इथे सगळं छान आहे असं मुळीच नाही. आजार आपोआप वाढला तर एसीसी हात वर करतं, आणि त्या गुडघ्यासाठी आम्ही १४ महिने रांगेत होतो. इथले डॉक्टर काही संत नाहीत. याच ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये कॅन्सरच्या आधीचे बदल दिसलेल्या बायकांना नीट उपचार न देता नुसतं बघत बसले होते, १९८८ मध्ये चौकशीचा अहवाल आला, पेशंटच्या तक्रारींसाठीचा कमिशनर आणि हक्कांची संहिता त्यातून आली.

ठाण्यात आपण काय केलं? ऑगस्ट २००१ मध्ये शिवसेनेचे आनंद दिघे साहेब सिंघानिया हॉस्पिटलमध्ये गेले आणि लोकांनी ते हॉस्पिटल जाळलं. २०१० मध्ये कायदा झाला, डॉक्टरांवर हल्ला केला तर ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड. त्याचा बोर्ड वहिनीच्या रिसेप्शनवर आहे, गणपतीच्या फोटोखाली. सुप्रीम कोर्टाच्या २००५ च्या निकालाने पोलिसांनाही सांगितलं की डॉक्टरवर कारवाई करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. चुलत भाऊ म्हणतो डॉक्टर डॉक्टरविरुद्ध कशाला लिहील, आणि मला तो अगदीच चूक वाटत नाही. आमचे दुसरे एक काका नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलमध्ये वारले तेव्हा त्यांच्या उपचाराची फाइल मिळायला याला दोन महिने खेटे घालावे लागले. मागितल्यावर ७२ तासांत फाइल द्यायची असा नियम आहे, २००२ पासून! काय झालं एवढंच विचारत होता तो, पैसे मागत नव्हता.

वहिनीला एसीसीचं सांगितलं तर हसली. "तुमच्या अख्ख्या देशात ५०-५५ लाख माणसं, आमच्या एका ठाणे जिल्ह्यात त्याहून जास्त. पैसे कोण देणार?" इथे पगारातून आणि पेट्रोलवरही कापतात, म्हटलं. "पेट्रोलवर अजून एक सेस? घोडबंदर रोडवरच मारतील मला."

बरं, पैशाचं सोड, म्हटलं. कायद्यात एवढीच ओळ घाला की डॉक्टरने नातेवाइकांना पहिल्या काही दिवसांत जे खरं सांगितलं, सॉरी म्हटलं, ते कोर्टात त्याच्याविरुद्ध वापरायचं नाही. ती म्हणाली वकील त्यातूनही वाट काढतील. काढतील कदाचित. पण ७२ तासांत फाइल द्यायला कुठला वकील आडवा येतो? यावर ती काही बोलली नाही, मग म्हणाली ओपीडी सुरू व्हायचीय, ठेवते.