बुलबार फुकट मागा म्हणे!

भाच्याला महिंद्राची थार घ्यायची आहे. रविवारी पोह्यांच्या बशीशेजारी त्याने मोबाइल सरकवला, "मामा, हे वाच, मग शोरूमला जाऊ." 'ऑफ-रोडर (कच्च्या, खडबडीत वाटेवर चालणारी गाडी) घेताय? लाखभर वाचवा' हा मेसेज त्याआधी माझ्या सोसायटीच्या ग्रुपवर दोनदा येऊन गेला होता. दोन्ही वेळा सोडून दिला. आता घरातच आला म्हटल्यावर गप्प बसवेना.

मेसेजचा सगळ्यात लाडका सल्ला असा: सूट मागू नका, त्याऐवजी बुलबार, म्हणजे बंपरपुढचा जाड लोखंडी पाइप, फुकट बसवून घ्या, 'गाडीही वाचते, रुबाबही येतो'. अरे बाबांनो, केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय की क्रॅश गार्ड, बुलबार बेकायदा आहेत, कारवाई करा. आधार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा. २०१९च्या दुरुस्तीनंतर गाडीत मनाई असलेला बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणजे फुकटातला बुलबार फुकटात पडत नाही.

दंड एकवेळ भरता येईल. पण बंपर आणि त्यामागचा भाग धडकेत चेपावा म्हणूनच तसा केलेला असतो आणि एअरबॅगचे सेन्सर त्याच हिशेबाने लावलेले असतात. पुढे जाड पाइप चॅसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्ट केला की धक्का थेट चॅसिसवर जातो, आणि एअरबॅग वेळेवर उघडेलच याची खात्री राहत नाही. समोर पायी चालणारा माणूस आला तर त्याच्या मांडीवर काय आदळतं, याचा विचार रुबाबवाल्यांनी करावा. भाच्याच्या कोटेशनमध्ये ही वस्तू 'स्टायलिंग पॅक' या गोंडस नावाखाली होती.

दुसरा सल्ला: फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी) कशाला, मागच्या चाकांवर चालणारी घ्या आणि उरलेल्या पैशात मोठे टायर टाका. सीट कव्हर, मॅट, हॉर्न उद्या पुण्याच्या नाना पेठेतून आणता येतात. ट्रान्सफर केस (जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा भाग) आणि लो रेंज गिअर (हळू पण जास्त ताकदीचा) तिथे मिळत नाहीत, ते कारखान्यातूनच यावे लागतात. पानशेतच्या पुढे पावसाळ्यात चिखलाचा चढ लागला की टायर कितीही मोठा असो, फिरणारी चाकं दोनच. हां, एवढं मान्य, की गाडी आयुष्यभर कर्वे रस्ता ते हिंजवडीच करणार असेल तर फोर बाय फोरचे पैसे खरंच वाया. पण मग तिला ऑफ-रोडर म्हणू नका. मारुतीची जिम्नी आणि आपल्या आकुर्डीच्या फोर्सची गुरखा फोर बाय फोरच येतात, तिथे हा प्रश्नच नाही. गुरखात तर पुढचा-मागचा दोन्ही डिफरन्शियल लॉक (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर मिळावा म्हणून) कंपनीकडूनच. थारची घासाघीस करायची तर आधी हे विचारा की मागचा लॉक कुठल्या व्हेरियंटला आहे.

बाकीचं भराभर. 'विमा शोरूमचाच घ्यावा लागतो' हे खोटं, कुठल्याही कंपनीचा आणता येतो. थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) तीन वर्षांचा सक्तीचा आहे, तो कुणाकडून घ्यायचा हे तुमच्या हातात. बाहेरचं कोटेशन खिशात ठेवून गेलात तर शोरूमचा आकडा आपोआप खाली येतो. 'रोख दिली की जादा सूट'? दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला विक्रेत्याला कायद्यानेच बंदी आहे, आणि शोरूमला कर्जावर कमिशन मिळतं, मग ते रोखीला का भुलतील? 'एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने विकतानाच गोळा केलेला कर) ही लूट'? दहा लाखांवरच्या गाडीचा तो आयकर आहे, रिटर्न भरताना वळता होतो.

डिसेंबरात सूट जास्त मिळते, हे मात्र खरं. नाइलाजाने कबूल. फक्त जानेवारीत ती गाडी कागदावर एक वर्ष जुनी होते आणि विकताना गिऱ्हाईक तेवढंच बोट ठेवतं.

भाच्याने 'स्टायलिंग पॅक'ची ओळ पेनाने खोडली. आता मड फ्लॅप आणि रबरी मॅटवरून सेल्समनशी त्याची हुज्जत चालू आहे.