‘स्वतःची मेमकॉपी लिहा, चौपट वेग मिळवा’ हा मेसेज पुढे पाठवू नका

इंजिनिअरिंगच्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सोबत १२ ओळींचा सी कोड आणि एक स्क्रीनशॉट. म्हणणं असं: मेमरीतले बाइट एका जागेवरून दुसरीकडे उतरवणारं सी लायब्ररीतलं मेमकॉपी हे फंक्शन जुनाट आहे, सगळ्या प्रोसेसरना एकच कोड देतं, आमचं ८-८ बाइट उचलणारं फंक्शन चौपट वेगवान आहे, ते लॅपटॉप, मोबाइल, मायक्रोकंट्रोलर, कुठेही तसंच चालतं, मेममूव्ह या त्याच्या भावंड-फंक्शनचीही गरज उरत नाही. शेवटी, ‘इंटरव्ह्यूत हे सांगा, निवड पक्की’.

माझ्या भाचीने ते खरं मानून प्रोजेक्टमध्ये घातलं. ऐरोलीला राहते, शेवटच्या वर्षाला आहे. शनिवारी रात्री साडेदहाला तिचा फोन आला. “मावशी, लॅपटॉपवर नीट चालतंय गं, बोर्डावर टाकलं की हँग होतं.” रविवारी सकाळी मी घणसोलीहून तिच्याकडे गेले. फर्मवेअर, म्हणजे उपकरणांच्या चिपमध्ये चालणारा कोड, लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे हा मेसेज वाचून मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

आधी ‘कुठेही चालतं’ हे घेते, कारण नुकसान तिथे झालं. भाचीचा बोर्ड कॉर्टेक्स-एम० या एआरएमच्या छोट्या प्रोसेसरचा. सेन्सरच्या पॅकेटात पहिले ५ बाइट हेडरचे, डेटा त्यापुढे. म्हणजे डेटाचा मेमरीतला पत्ता ४ने भाग न जाणारा. मेसेजमधला कोड त्या पत्त्यावर बेधडक ६४ बिटांच्या आकड्याचा पॉइंटर लावून, म्हणजे एकदम ८ बाइट, वाचतो. इंटेल आणि एएमडीचे प्रोसेसर असं वाचन चालवून घेतात. कॉर्टेक्स-एम० घेत नाही, तिथे थेट हार्डफॉल्ट, म्हणजे प्रोसेसरची गंभीर चूक, होतो. तिच्या कोडात हार्डफॉल्ट झाल्यावर चालणारा हँडलर म्हणजे नुसतं रिकामं अनंत लूप, म्हणून बोर्ड हँग झाल्यासारखा दिसत होता. सी भाषेच्या नियमांतही हे बसत नाही. लॅपटॉपवर चाललं एवढ्यावरून ते बरोबर ठरत नाही. पोरीने तीन रात्री वायरिंग तपासण्यात घालवल्या, सेन्सर बदलला, स्वतःलाच दोष देत बसली. दोष त्या १२ ओळींचा होता.

दुसरी गोष्ट याहून घातक, कारण ती दिसत नाही. लूप ८च्या उड्यांनी जातं आणि शेवटचे सुटे बाइट वेगळे हाताळतच नाही. १३ बाइट मागा, ते १६ लिहितं. पुढचे ३ बाइट शेजारच्या कुठल्या तरी व्हेरिएबलचे असतात. लॅपटॉपवर ते अनेकदा मोकळ्या जागेत पडतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. लांबी नेटवर्कवरून येत असेल तर हा सरळसरळ बफर ओव्हरफ्लो, म्हणजे ठरलेल्या जागेबाहेर लिहिणं, आहे. आणि हे मुलांनी इंटरव्ह्यूत अभिमानाने सांगायचं!

आता तो चौपटचा आकडा. स्क्रीनशॉट मोठा करून चाचणीचा कोड वाचला. मालॉक या मेमरी मागणाऱ्या फंक्शनने ६४ एमबीचे दोन बफर (मेमरीचे तुकडे) घेतलेत, त्यांवर आधी मेमकॉपी एकदा, मग लगेच स्वतःचं फंक्शन एकदा. एवढीच चाचणी. लिनक्स मालॉकच्या वेळी खरी मेमरी हातात देत नाही. मेमरीच्या एखाद्या पानाला (ठरावीक आकाराच्या तुकड्याला) पहिल्यांदा हात लागतो तेव्हा कर्नल मध्ये येऊन ते पान जोडतं. ४ केबीच्या पानांनी ६४ एमबी म्हणजे एकेका बफरची १६,३८४ पानं. ती जोडण्याचा सगळा वेळ मेमकॉपीच्या खात्यावर पडला आणि दुसऱ्या फंक्शनला आयतं वाढलेलं ताट मिळालं. मी माझ्या लॅपटॉपवर फक्त क्रम उलटा केला, तर मेमकॉपी पुढे गेली. दोन्ही बफर आधी एकदा भरून घेतले, तर फरक उरलाच नाही.

तो का उरला नाही हे बघायला ऑब्जडंप, म्हणजे तयार प्रोग्राममधल्या मशीनच्या सूचना दाखवणारं साधन, लावलं. ओ३ या ऑप्टिमायझेशनच्या पातळीवर जीसीसी कंपायलरने ते लूप ओळखलं होतं आणि त्याच्या जागी मेमकॉपीला कॉल टाकला होता. म्हणजे हे ‘आमचं फंक्शन’ आतून लायब्ररीचंच फंक्शन बोलावत होतं! चौपट वेग कुणापेक्षा?

बेंचमार्क किती सहज फसवतो यावर अ‍ॅसप्लॉस या संगणकशास्त्राच्या २००९च्या परिषदेत मिटकोविच, दिवान, हाउसविर्थ आणि स्वीनी यांनी शोधनिबंध मांडला होता. प्रोग्राम तोच, मशीन तेच. फक्त एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलांची एकूण लांबी किंवा लिंक करताना फाइलींचा क्रम बदलला, तरी ओ३मुळे ओ२पेक्षा फायदा होतो की तोटा याचं उत्तर फिरत होतं. लांबी बदलली की स्टॅकची (फंक्शनांच्या तात्पुरत्या डेटाच्या जागेची) सुरुवात सरकते आणि तिच्याबरोबर अलाइनमेंटही, म्हणजे पत्त्याला ४, ८ अशा आकड्यांनी भाग जातो की नाही तेही. कसलेल्या माणसांना ही सावधगिरी लागते, आणि इथे एकदा चालवलेल्या चाचणीचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून फिरतोय.

‘सगळ्यांना एकच कोड’ हे तर उबुंटू किंवा फेडोरावर धडधडीत खोटं आहे. तिथली जीलिबसी ही सी लायब्ररी प्रोग्राम लोड होताना प्रोसेसर ओळखते आणि आयफंक नावाच्या सोयीने एसएसई२, एव्हीएक्स, एव्हीएक्स-५१२ अशा प्रोसेसरच्या वेगवेगळ्या सूचनासंचांसाठी लिहिलेल्या मेमकॉपीच्या आवृत्त्यांतून एक निवडते. ६४ बिटांच्या एआरएमसाठीही वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत. तिच्या सोर्समध्ये बेंचटेस्ट्स नावाची डिरेक्टरी आहे, जिथे लहान-मोठ्या लांबी आणि निरनिराळी अलाइनमेंट घेऊन मोजणी होते. उघडून बघायला पैसे पडत नाहीत.

मेममूव्हची गरज नाही म्हणणाऱ्याने स्वतःच्या फंक्शनच्या पहिल्या ओळीत ‘रिस्ट्रिक्ट’ लिहिलंय. त्याचा अर्थच हा की दोन बफर एकमेकांवर येणार नाहीत अशी हमी. आणि एकमेकांवर येणाऱ्या बफरांसाठीच तर मेममूव्ह असतं. २०१०मध्ये फेडोरा १४वर नव्या मेमकॉपीने काही प्रोसेसरांवर शेवटाकडून सुरुवातीकडे कॉपी करायला सुरुवात केली, तेव्हा असे बफर मेमकॉपीला देणाऱ्या अडोबी फ्लॅशचा आवाज फाटायला लागला. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स स्वतः त्या बगवर वाद घालायला उतरले होते.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. छोट्या कंट्रोलरांवर वापरतात ती न्यूलिब-नॅनो ही सी लायब्ररी जागा वाचवायला एकेक बाइटच कॉपी करते. तिथे मोठे बफर हलवायचे असतील तर स्वतःचं फंक्शन लिहायला जागा आहे: अलाइनमेंट तपासून, सुटे बाइट सांभाळून, त्याच बोर्डावर मोजून. एम०मध्ये क्लॉक सायकल मोजणारा काउंटर नाही, म्हणून भाचीला सिस्टिक हा टायमर लावून मोजायला शिकवलं. तिचं पॅकेट २० बाइटांचं, सेकंदाला एक. एवढ्याला जास्त वेग लागतच नाही, म्हणून लायब्ररीची मेमकॉपी परत घातली, दुपारी दोनपासून बोर्ड न थांबता चालू आहे.