चरबी घामातून जात नाही, आणि गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात

‘लठ्ठपणा हा आजार नाही, आळस आहे’ या मथळ्याचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्याचं म्हणणं असं: वजन वाढतं ते निव्वळ आळसाने. पोटाला प्लास्टिक गुंडाळून चाललं की चरबी घामावाटे निघून जाते. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) हे थोतांड आहे. आणि परदेशातल्या एका प्रयोगात पहिल्याच दिवशी गोळ्या बंद करून निम्म्या लोकांचा डायबिटिस गेला, तेव्हा तुम्हीही आजच बंद करा. असले मेसेज मी एरवी वाचतही नाही. पण माझ्या मावशीने हा वाचला, रात्रीचं इन्सुलिन सोडून दिलं आणि बीपीची गोळी एक दिवसाआड घ्यायला लागली. म्हणून गोळ्यांपासूनच सुरुवात करते.

तो प्रयोग खरा आहे, एवढं कबूल करावंच लागेल. ‘डायरेक्ट’ नावाचा हा अभ्यास ब्रिटनमध्ये झाला. मायकेल लीन आणि रॉय टेलर यांच्या नेतृत्वाखालच्या या अभ्यासाचे पहिले निष्कर्ष 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. वर्षअखेर 149 पैकी 68 जणांची, म्हणजे 46 टक्के लोकांची शुगर औषधाशिवाय डायबिटिसच्या रेषेखाली होती. ज्यांनी 15 किलो किंवा त्याहून जास्त वजन उतरवलं त्यांच्यात हे प्रमाण 86 टक्के. गोळ्या पहिल्या दिवशी बंद केल्या होत्या, हेही खरं. मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं एवढंच उचललं आणि बाकी सगळं गाळलं.

काय गाळलं ते बघा. या अभ्यासात घेतलेल्या सगळ्यांना डायबिटिस होऊन सहा वर्षं किंवा त्याहून कमी काळ झाला होता, आणि इन्सुलिन घेणारा एकही माणूस त्यात नव्हता. मावशीचा डायबिटिस पंधरा वर्षांचा, त्यात इन्सुलिन. ती या दोन्ही अटींवर बाद. ज्या दिवशी गोळ्या थांबल्या त्याच दिवशी त्या लोकांचं नेहमीचं जेवणही थांबलं. 3 ते 5 महिने फक्त मोजून दिलेलं पोषणपेय, दिवसाला साधारण 850 कॅलरी. प्रशिक्षित नर्स किंवा आहारतज्ज्ञ नियमित भेटत होते, शुगर आणि बीपी तपासलं जात होतं, आणि आकडा चढला तर औषध पुन्हा कधी सुरू करायचं हे आधीच ठरलेलं होतं. इतकं करूनही 15 किलोंचा टप्पा साधारण चौघांतल्या एकालाच गाठता आला, आणि दोन वर्षांनी 46 टक्क्यांचे 36 टक्के उरले. त्या लोकांचा डायबिटिस गोळी सोडल्यामुळे गेला नाही. वजन उतरलं, यकृतातली आणि स्वादुपिंडातली चरबी कमी झाली, म्हणून गोळीशिवाय भागलं. मेसेजने क्रमच उलटा करून टाकलाय.

आणि धोका दोन्ही बाजूंनी असतो. औषध सोडलं आणि जेवण तेच, तर शुगर चढते. जेवण एकदम तोडलं आणि इन्सुलिनचा डोस तोच, तर शुगर इतकी खाली येऊ शकते की माणूस घामाघूम होतो, बरळतो, बेशुद्ध पडतो. शुगर लघवीवाटे बाहेर काढणाऱ्या काही गोळ्या चालू असताना कडक उपास केला तर शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात घातक आम्ल साठू शकतं. कुठली गोळी आधी कमी करायची हे मावशीला ठरवता येणार नाही, मलाही नाही. ते तिच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

आता घाम. मावशी प्लास्टिक गुंडाळून चालून आली तेव्हा वजनकाट्यावर सव्वा किलो कमी भरलं. केवढी खूश झाली होती! दिवसभर पाणी प्यायली, जेवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काटा पुन्हा जिथल्या तिथे. गेलं होतं ते पाणी. शिवाय तिच्या बीपीच्या गोळीत लघवीवाटे पाणी काढणारं औषध आहे. म्हणजे शरीर दोन्हीकडून कोरडं पडत होतं, आणि खुर्चीवरून उठताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती ती उगीच नाही. चरबी खरी कुठे जाते याचा हिशेब ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात 2014 साली मांडला गेला: 10 किलो चरबी जळली तर 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून जाते, उरलेल्या 1.6 किलोचं पाणी होतं. (म्हणून आता कुणी भराभर श्वास घ्यायचा सल्ला देऊ नका. त्याने चरबी जळत नाही, फक्त गरगरतं.)

‘आळस’ या शब्दाचा मला सगळ्यात जास्त राग येतो. 1994 मध्ये लेप्टिन सापडलं. चरबीच्या पेशीच हे संप्रेरक रक्तात सोडतात आणि साठा किती आहे ते मेंदूला कळवतात. 1997 मध्ये दोन मुलांची नोंद झाली, ज्यांच्या शरीरात हे जवळपास तयारच होत नव्हतं. त्यातलं एक मूल आठव्या वर्षी 86 किलोंचं होतं. भूक शमायचीच नाही. पुढे अशा मुलांना लेप्टिनची इंजेक्शनं दिल्यावर भूक आटोक्यात आली आणि वजन उतरलं. ती मुलं आळशी होती का? हा दोष फार विरळा आहे, पण सगळ्यांच्याच भुकेवर शरीराचा ताबा असतो. वजन उतरवल्यानंतर वर्षभरानेही भूक वाढवणारं संप्रेरक चढलेलंच राहतं, असं 2011 च्या एका अभ्यासात दिसलं. स्टिरॉइड आणि मानसिक आजारांवरच्या काही औषधांनी वजन वाढतं ते वेगळंच. खाणं आणि हालचाल यांनी फरक पडतो, तो कुणी नाकारत नाही. पण सतत टोमणे खाल्लेला माणूस डॉक्टरकडे जायचंच टाळतो, आणि तपासण्या राहून जातात.

बीएमआयबद्दल अर्धं खरं आहे. स्नायू किती, चरबी किती, ती कुठे साठली आहे, यातलं काहीच तो सांगत नाही. पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी जास्त त्रासदायक, कारण इन्सुलिनचं काम तिथून बिघडतं. मग बीएमआयच्या जोडीला टेप घ्या. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता मोजा. घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा जास्त भरला तर शुगर, बीपी आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या, आणि झोपेत मोठ्याने घोरता घोरता श्वास अडकत असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.